कोऱ्या जिभेची नोकरी

निवृत्त झाल्यापासून कात्रपच्या आमच्या सोसायटीत मी 'चॉकलेटवाल्या आजी' झाले आहे. हे नाव कोणी ठेवलं ते मला ठाऊक आहे, पण त्या वात्रट मुलाची आई माझ्याशी चांगली वागते म्हणून गप्प बसते. मुलं विचारतात, "आजी, तुम्हाला खरंच चॉकलेट खायचे पैसे मिळायचे?" मोठी माणसं हेच विचारतात, फक्त जरा आडून. "मजा होती की तुमची!" म्हणतात, आणि माझ्या कमरेकडे बघतात.

तर एकदाचं सांगून टाकते. मजा नव्हती. आणि आम्ही चॉकलेट खायचो नाही. आम्ही ते चाखायचो आणि थुंकायचो.

अंबरनाथच्या एमआयडीसीत आमचा कारखाना. आजूबाजूला रंगाचे, औषधांचे, रबराचे कारखाने आणि मध्येच आमचा चॉकलेटचा. शेठ उल्हासनगरचे, सिंधी. त्यांच्या वडिलांची मिठाई होती, यांनी चॉकलेटात उडी घेतली. मी तिथे लॅबमध्ये होते. लॅब म्हणजे एक ओटा, एक बेसिन, वजनाचा काटा, दोन-तीन यंत्रं आणि मी. तपासण्या यंत्रं करायची, पण माल बाहेर जायचा की नाही हे जीभ ठरवायची. त्या जिभांच्या टोळीला पॅनेल म्हणत. पाच जणांचं पॅनेल, आणि त्याची प्रमुख मी.

पॅनेलवरच्या माणसानं सकाळपासून जीभ कोरी ठेवायची. चहा नाही, पान-तंबाखू-मिश्री नाही, डब्यातला कांदा-लसूण नाही. अंगाला अत्तर नाही, केसांत गजरा नाही, वासाचं तेल नाही. चॉकलेट हा फार चोरटा पदार्थ आहे, आजूबाजूचा प्रत्येक वास गुपचूप उचलतो. माझ्या पुतणीच्या लग्नात सगळ्या बायका मोगरा माळून मिरवत होत्या आणि मी बोडक्या अंबाड्यानं उभी होते, कारण दुसऱ्या दिवशी पॅनेल होतं. नवऱ्याच्या मावशीनं चारचौघांत विचारलं, "सुतक आहे का गं?" मी हो म्हटलं. समजावत बसण्यापेक्षा ते सोपं होतं.

अकरा वाजता बसायचं. त्या वेळी नाश्ता जिरलेला असतो, भूक पुरती लागलेली नसते. भुकेल्या माणसाला सगळंच चांगलं लागतं, जेवलेल्याला काहीच नाही. समोर कोमट पाणी, साधे कुरमुरे आणि थुंकायला पेला. एक तुकडा जिभेवर ठेवायचा, चावायचा नाही, विरघळू द्यायचा, नाकानं श्वास सोडायचा. खरी चव नाकातच कळते. मग थुंकायचं, कोमट पाण्यानं खळखळून चूळ भरायची, दोन कुरमुरे, आणि पुढचा तुकडा.

निकाल तोंडी द्यायचा नाही. सुरुवातीला तोंडी द्यायचो, तेव्हा असं व्हायचं की आमचे जोशीकाका, प्रॉडक्शनमधले, मोठ्यानं "वा!" म्हणायचे आणि बाकी सगळे माना डोलवायचे. शेठना ते आवडलं नाही. त्यांनी घरून झाकणाला भोक पाडलेला स्टीलचा डबा आणला, आणि वाल नि चिंचोके. पास असेल तर वाल टाकायचा, नापास असेल तर चिंचोका. मुठीतून टाकायचं, म्हणजे शेजाऱ्याला दिसत नाही. डबा उघडल्यावर मग ज्यानं त्यानं आपलं काय ते सांगायचं. मोठमोठ्या कंपन्यांची माणसं पाहणीला यायची, तो डबा बघून हसायची. शेठ म्हणायचे, "हसू द्या. वाल झूठ नाही बोलत."

आता अंड्याबद्दल.

ईस्टरच्या आधी आम्हाला मुंबईतल्या बेकऱ्यांची ऑर्डर असायची. चॉकलेटची अंडी, आत क्रीम. बाहेरून पातळ कवच, आत पांढरं क्रीम आणि त्याच्या मधोमध पिवळं, म्हणजे फोडलं की खरंच बलक दिसावा. कवचाचे दोन अर्धे साच्यात घ्यायचे, क्रीम भरायचं, कडा किंचित गरम करून दोन्ही अर्धे एकमेकांना चिकटवायचे, आणि मग रंगीत चांदीच्या कागदात गुंडाळायचे. हे सगळं थंडगार हॉलमध्ये. बाहेर अंबरनाथचा चैत्र, डांबर वितळतंय, आणि आमच्या बायका स्वेटर घालून, कान बांधून अंडी भरतायत. जेवणाच्या सुट्टीत त्या तशाच बाहेर यायच्या तेव्हा शेजारच्या रबर कारखान्यातले कामगार त्यांच्याकडे वेड्यांकडे बघावं तसे बघायचे.

या अंड्याची एक गंमत आहे. आतलं क्रीम भरताना ते घट्ट असतं, पेढ्यासारखं. पातळ क्रीम भरलं तर अंडं चिकटवण्याआधीच गळेल. म्हणून त्या साखरेत एक थेंबभर एन्झाइम घालतात. ते आत बंद झाल्यावर हळूहळू साखर सैल करतं. आठवड्या-दोन आठवड्यांनी अंडं फोडलं की क्रीम ओघळतं. लोकांना वाटतं ते तसंच भरलं. आज भरलेलं अंडं आज चाखून त्याचं पुढे काय होणार ते सांगणं, हे आमचं काम. घट्ट पेढा तोंडात धरून त्यातला उद्याचा ओघळ ओळखायचा. म्हणून पुरेशी मुरलेली अंडीही पुन्हा चाखायची, मगच माल बाहेर.

आमच्या सगळ्या कारखान्यात ईस्टर म्हणजे काय हे नीट ठाऊक असलेला एकच माणूस, पॅकिंगचा सुपरवायझर फ्रान्सिस. तो ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत गोड सोडायचा. म्हणजे ज्याच्या सणाचं अंडं, तोच नेमका ते चाखू शकत नव्हता, आणि आम्ही बाकीचे, ज्यांचा या सणाशी काही संबंध नाही, ते गंभीर चेहरे करून थुंकत बसलेलो. "मॅडम, नीट बघा हां," तो दारातून म्हणायचा, "माझ्या आईला यातलंच नेणार आहे."

फोनही यायचे. पाकिटावर लॅबचा नंबर होता. एका बाईंनी विचारलं होतं, "हिरवा ठिपका आहे, पण आहे तर अंडं. सोमवारी चालेल का?" मी म्हटलं, यात अंडं अजिबात नाही. त्या म्हणाल्या, "ते कळलं, पण मनात तर अंडंच येणार ना खाताना." उल्हासनगरचा एक दुकानदार, शेठच्या नात्यातला, पक्का शाकाहारी. ईस्टर झाल्यावर उरलेली अंडी तो न्यायचा. "साईं, सिर्फ नाम का प्रॉब्लम है," असं म्हणून त्यानं सोनेरी कागद चढवला आणि अक्षय्य तृतीयेला ती 'चॉकलेटचा आंबा' म्हणून विकली. आतलं पिवळं क्रीम आयतंच होतं. भरपूर खपली. एका आजींनी तेवढी तक्रार केली की आंब्याला आंब्याची चव नाही.

आमच्या पॅनेलची सर्वांत तयार जीभ माझी नव्हती, शालनची होती. शालन चामटोलीची. लग्न होऊन गावातल्या गावातच गेलेली. कारखान्यात ती कागद गुंडाळायच्या हॉलमध्ये कंत्राटावर लागली. पॅनेलसाठी माणसं निवडायची होती तेव्हा शेठनी सगळ्यांची परीक्षा घेतली, ऑफिसातल्यांचीसुद्धा. परीक्षा साधी. तीन तुकडे पुढ्यात ठेवायचे. दोन सारखे, एक वेगळा. वेगळा कोणता ते सांगायचं. शेठचा स्वतःचा मुलगा नापास झाला. मी पास झाले, पण घाम फुटला होता. शालन जांभई देत पास झाली. पॅनेलवर आली म्हणून तिला कायम केलं. चामटोलीला तिच्या घरात कायम नोकरी असलेली ती पहिली. नवरा रिक्षा चालवायचा, घरात सासू, एक मुलगी. पॅनेलची खुर्ची म्हणजे तिच्यासाठी काय होतं हे कोणी मला समजावून सांगायची गरज कधी पडली नाही.

आम्ही दोघी शेजारी बसायचो, डबा एकत्र खायचो. ती मला ताई म्हणायची. एकदा अंड्यांच्या एका लॉटला काहीतरी परका वास येत होता. मला वास आला, पण नाव सापडेना. शालन म्हणाली, "ताई, पेटीतल्या साड्यांचा वास हाय." डांबरगोळ्या! खोक्यांच्या गोदामात कोणीतरी झुरळांसाठी टाकल्या होत्या. सगळा लॉट फेकावा लागला. शेठ दिवसभर कोणाशी बोलले नाहीत, संध्याकाळी मात्र दोघींना घरून कोकी, ती सिंध्यांची कांदा घातलेली जाड पोळी, पाठवली.

मास्क लावायचे दिवस नुकतेच सरले होते तेव्हाची गोष्ट. ईस्टरची ऑर्डर अंगावर होती म्हणून पाडव्यालाही कारखाना चालू ठेवला. कामगारांनी गेटपाशी गुढी उभारली. शेठनी नारळ फोडला. त्यांचा चेटीचंड, म्हणजे सिंध्यांचा पाडवाही, आलाच होता, त्यामुळे त्यांच्या घरची ताहिरी, तो केशरी गोड भात, जेवणात होती. आणि पाडव्याचा प्रसाद शालननं घरून करून आणला होता: कडुनिंबाची कोवळी पानं, गूळ, ओवा, चिंच, हरभऱ्याची डाळ वाटून. गूळ नावापुरता. ती ताटली घेऊन फिरत होती, लोक चिमूट तोंडात टाकत होते आणि तोंडं वेडीवाकडी करत होते. शालननं स्वतः दोनदा घेतली. शेठ म्हणाले, "वा शालनबाई, तू तो शेरनी है!"

मी घेतली नाही. आम्ही बौद्ध, आमच्या घरी गुढी नसते, पण कारण ते नव्हतं. कारखान्यातल्या सगळ्या सणांचं मी खात आले आहे. कारण एवढंच की थोड्याच वेळात अकरा वाजणार होते. मी शालनला म्हटलं, "माझा वाटा झाकून ठेव."

अकराला बसलो. मुरलेली अंडी होती, पहिला मोठा लॉट. मी तुकडा ठेवला. कवच छान, कडक आवाज करून तुटलं. क्रीम ओघळतं, स्वच्छ, शेवटी दुधाची चव. मी वाल टाकला.

डबा उघडला तर तीन चिंचोके आणि दोन वाल.

जोशीकाका म्हणाले, "शेवटाला कडवट आहे." दुसरे दोघेही तेच. कडवट. जिभेच्या मागच्या बाजूला राहतंय. शेठचा चेहरा उतरला. एवढा माल, आणि बेकऱ्यांचे टेम्पो परवा येणार. मी म्हटलं, मला तर अजिबात कडू लागलं नाही. शालन म्हणाली, "मना पण नाय लागलं. चांगलं हाय."

शेठ लगेच म्हणाले, "शालन बोलती है अच्छा है, तो अच्छा है." पण तीन चिंचोके डब्यात होते.

आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला. मी विचारलं, "सकाळपासून कोणी काय खाल्लं?" कोणीच काही नाही. चहाही नाही. जोशीकाका तर दुखावले. "मॅडम, इतक्या वर्षांत कधी नियम मोडलाय?" मी म्हटलं, "आणि प्रसाद?"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. "तो प्रसाद होता," जोशीकाका म्हणाले. "त्याला खाणं कोण म्हणतं?"

खरं होतं त्यांचं. आपल्याकडे प्रसादाला कोणीच खाणं म्हणत नाही. उपासाच्या दिवशीही माणूस हात पुढे करतो. आमच्या नियमात चहा होता, पान होतं, कांदा-लसूण होता, प्रसाद नव्हता. तो घालायचं कुणाच्या मनातही आलं नव्हतं. शेठ आधी कपाळावर हात मारून बसले आणि मग इतके हसले की त्यांना ठसका लागला. भरपूर कोमट पाणी, कुरमुरे, दोन तास काही नाही, आणि दुपारी पुन्हा पॅनेल. डब्यात पाच वाल. लॉट पास.

सगळे हसत होते, मीही तोंडदेखलं हसले. पण मला एक गोष्ट सोडत नव्हती. ज्यांनी ज्यांनी प्रसाद खाल्ला त्यांना अंडं कडू लागलं. शालननं तर दोनदा खाल्ला होता. मग तिला कडू का लागलं नाही?

ती बेसिनवर पेले धूत होती. मी शेजारी जाऊन उभी राहिले. काही विचारायच्या आधीच तिनं नळ बंद केला.

"ताई, मना काहीच कळत नाय," ती म्हणाली. "ताप आलेला ना, तवापासून. वास नाय, चव नाय. गोड नाय, कडू नाय. ओला पुठ्ठा चघळल्यासारखं वाटतं."

"मग इतके दिवस वाल टाकत होतीस ते?"

"कवच कसं तुटतं ते कळतं. क्रीम कसं सुटतं ते जिभेला लागतं. तेवढ्यावर टाकते. माल चांगलाच येतोय, म्हणून निभावलं."

डॉक्टर म्हणाले होते, येईल परत. कधी येईल ते सांगत नव्हते. कोणाची चव पंधरवड्यात येते, कोणाची वर्षानं. तिनं साबणाच्या ओल्या हातानं माझा हात धरला. "ईस्टरपर्यंत नका बोलू कोणाला. मना परत हॉलमध्ये धाडतील. कंत्राटावर."

मला राग आला. तिचा नाही, कुणाचा ते आजही नीट सांगता येत नाही. मी घरी गेले, नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "गप्प बस ना थोडे दिवस. कुणाचं काय जातंय?" त्याचं म्हणणं माणुसकीला धरून होतं. पण मला डांबरगोळ्या आठवत होत्या. पाच जणांत एकाची जीभ मेलेली असेल तर ती फक्त एक जीभ कमी होत नाही. ती चुकीच्या बाजूला वाल टाकते. आणि शेठ तिच्या वालावर विश्वास ठेवत होते, माझ्यापेक्षाही जास्त. ती अंडी मुलं खाणार होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेटवरच मी तिला म्हटलं, "शालन, तू स्वतः सांग शेठना. तुझ्या तोंडून गेलेलं बरं. मी जेवणाच्या सुट्टीपर्यंत थांबते."

तिनं सांगितलं नाही. सुट्टीनंतर मी सांगितलं.

शेठ पेपरवेट फिरवत म्हणाले, "सबका टेस्ट लिया था, इसका भी लेंगे. शायद आपको गलतफहमी हुई हो, मॅडम." त्यांना मनापासून मी चुकीची ठरायला हवी होते, आणि मलाही.

तीन अंडी काढली. दोन एकाच लॉटची, तिसऱ्याच्या क्रीममध्ये संत्र्याचा अर्क. रंग तोच, दिसायला तिन्ही सारखी. चांगल्या जिभेला हे लहान मुलाचं कोडं आहे. ज्यानं बश्या लावल्या त्यानं समोर उभं राहायचं नाही हा आमचा नियम, म्हणून मी बश्या पॅसेजकडच्या खिडकीतून आत सरकवल्या आणि बाहेरच उभी राहिले. आत शालनसमोर शेठ आणि जोशीकाका होते. खिडकी उघडीच होती, त्यामुळे आतलं सगळं ऐकू येत होतं.

पहिलं कवच तुटल्याचा आवाज आला. मग चूळ. दुसरं. चूळ. तिसरं. मग फक्त एसीचा आवाज.

तिसऱ्यानंतर ती पुन्हा पहिल्याकडे गेली असावी, कारण पेला पुन्हा ओट्यावर ठेवल्याचा आवाज आला. मी देवाला मानत नाही, पण त्या वेळी मनातल्या मनात तिला नंबर सांगत होते.

"बोल, बेटा," शेठ म्हणाले. "अलग कौनसा?"

बशी मागे सारल्याचा आवाज आला. जोशीकाकांना राहवलं नाही. "अगं, सांग कोणतंही. तिनातलं एक तर आहे, लागून जाईल!"

"लागंल हो काका," शालन म्हणाली. "पण मना नाय कळत. अंदाजानं सांगून काय करू? मग उद्या अंदाजानंच माल पास करू?"

खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला. ती बाहेर आली, माझ्यासमोरून गेली. तिनं माझ्याकडे बघितलं नाही. तिचे डोळे कोरडे होते. रडत होते ते आत जोशीकाका.

पुढच्या महिन्यापासून शालन परत कागदाच्या हॉलमध्ये गेली, कंत्राटावर. शेठनी वाईट वागवलं असं मी म्हणणार नाही. नियम तोच होता, पॅनेलवरचा तो कायम. तिची खुर्ची भरू का म्हणून मी विचारलं तर म्हणाले, "रहने दो खाली." पण रिकामी खुर्ची कोणाच्या पदरात काही टाकत नाही, हे त्यांनाही कळत होतं.

ईस्टर झाला. फ्रान्सिसनं आईला नेलेलं अंडं तिला आवडलं. पावसाळा आला, राख्यांची चॉकलेटं आली, गणपतीचे चॉकलेटचे मोदक आले. शालन माझ्याशी बोलत नव्हती. भांडण नाही, टोमणा नाही. हॉलमध्ये गेले तर ती कागद गुंडाळत राहायची. काही विचारलं तर "हो मॅडम", "नाय मॅडम". ताई गेली आणि मॅडम आली. जेवायला ती हॉलच्या बायकांत बसायची, मी खिडकीपाशी एकटी. चाळीस जणांच्या कँटीनमध्ये एकटं जेवणं फार अवघड असतं. घास उतरत नाही, आणि उतरत नाही हे लोकांना दिसू नये म्हणून भराभर जेवावं लागतं. माझं बरोबर होतं असं मी स्वतःला रोज सांगायचे. रोज सांगावं लागायचं यातच काय ते आलं.

दिवाळीच्या आधीचे दिवस होते. कँटीनमध्ये जेवत होतो. मी मान खाली घालून खात होते, म्हणून शालन उठलेली मला दिसली नाही. समोर येऊन उभी राहिली तेव्हाच कळलं. हातात उघडा डबा, गवारीची भाजी.

"ताई, चाखा," ती म्हणाली.

तिनं डबा आणखी पुढे केला. "चाखा. आणि खरं सांगा."

मी दोन शेंगा तोंडात टाकल्या. इतकं मीठ होतं की डोळ्यांत पाणी आलं. क्षणभर वाटलं, मोडावी का हिची दिवाळी? पण तिनं खरं विचारलं होतं, आणि माझ्याकडे दुसरं काही नव्हतंच.

"मीठ फार झालंय, शालन," मी म्हटलं. "तोंडात घालवत नाही."

ती माझ्यासमोरच्या बाकावर धपकन बसली. "मना पण लागलं," ती म्हणाली. "आत्ता. पहिल्याच घासाला. मना वाटलं, भास झाला."

मी तिचा हात धरला. ती हसत होती, आणि मग एकदम तिचा चेहरा बदलला. तिनं डब्याकडे बघितलं.

"मी रोज विचारायची, ताई. भाजीला मीठ बरोबर हाय का? मना कळत नाय, तुम्ही सांगा. सासू बोलायची, बरोबर हाय. हे बोलायचे, एकदम बरोबर. पोरगी तर दुसऱ्यांदा मागून घ्यायची. हेच खाल्लं असंल सगळ्यांनी. रोज. गपचूप."

हॉलच्या बायका आमच्याकडे बघायला लागल्या होत्या. शालननं पदरानं डोळे पुसले. मी माझा डबा तिच्यापुढे सरकवला. "टाक ती भाजी," मी म्हटलं, "माझ्यातलं घे."

"नाय," शालन म्हणाली.

आणि तिनं ती सगळी भाजी खाल्ली. पाणीसुद्धा न पिता, शेवटच्या शेंगेपर्यंत, चपातीच्या तुकड्यानं डबा पुसून.